मृगातील हिरवी रेघ

रत्नागिरीहून कोल्हापुरास निघालेला प्रवासी हातखंब्यावरून पाली या गावी येतो. येथे वाट दुभंगते. एक रस्ता साखरप्यावरून आंबा घाट चढून देशावर जातो. दुसरा लांजा, राजापूर, खारेपाटण अशी गावे घेत दक्षिणेकडे उतरतो, आणि त्या बाजूने पुढे समुद्राकडे वळले म्हणजे वाघोटनच्या खाडीच्या मुखाशी विजयदुर्गाचा किल्ला लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या दोन्ही वाटांच्या टोकांना दोन ज्योतिर्विद आपापली यंत्रे मांडून बसले होते. एक इंग्रज, जगद्विख्यात. दुसरा मुंबईचा पारशी, पुण्याच्या कॉलेजातील अध्यापक. पहिल्याचे नाव कोकणात आजही घेतले जाते. दुसऱ्याचे नाव पुण्यातदेखील फारसे कोणास ठाऊक नाही. ताऱ्यांच्या मधल्या जागेत काय भरले आहे, या प्रश्नाच्या इतिहासात मात्र त्या दुसऱ्या गृहस्थाच्या एका लहानशा निबंधाला स्थान आहे, आणि तो निबंध पहिल्या गृहस्थाच्या लाडक्या मताच्या विरुद्ध जाणारा होता.

पौष-माघाच्या रात्री पालीसारख्या गावी वस्तीचे दिवे मागे टाकून उभे राहिले, तर डोक्यावर मृग नक्षत्र दिसते. चार पायांचे चार तारे, पोटात शिरलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि बाण सोडणारा तेजस्वी व्याध, हे चित्र आपल्याकडील लहान मुलासही ओळखता येते. बाणाच्या दक्षिणेस मंद ताऱ्यांची एक आखूड ओळ आहे. तिच्या मधोमध असलेला ठिपका इतर ताऱ्यांसारखा टोकदार दिसत नाही. काचेवर श्वास पडावा तसा तो धूसर दिसतो. हाच मृगातील प्रसिद्ध तेजोमेघ. दुर्बिणीचा शोध लागल्यापासून ज्योतिषी त्याच्याकडे पाहत आले, परंतु तो खरोखर मेघ आहे की अतिदूरच्या असंख्य ताऱ्यांची दाटी आहे, हे दोनशे-अडीचशे वर्षे कोणास निश्चित सांगता आले नाही. दुर्बीण मोठी केली म्हणजे धुके फुटून तारे वेगळे होतील, अशी पुष्कळांची अपेक्षा होती.

उत्तर मिळाले ते मोठ्या दुर्बिणीने नव्हे, तर काचेच्या लोलकाने. लोलकातून सूर्यप्रकाश नेला की त्याचा सप्तरंगी पट्टा होतो, हे न्यूटनपासून माहीत होते. १८१४ साली जर्मनीत फ्राऊनहोफर या काचकामात निष्णात असलेल्या कारागिराने त्या पट्ट्यात शेकडो बारीक काळ्या रेघा मोजल्या. त्यांचा अर्थ पुढे १८५९ साली किर्शहोफ आणि बुन्सेन यांनी लावला. प्रत्येक मूलद्रव्याच्या वायूला आपापल्या ठराविक रंगांच्या रेघा असतात. वायू तापून स्वतः प्रकाशत असेल तर त्या रेघा उजळ दिसतात. तोच वायू एखाद्या तेजस्वी वस्तूच्या आड आला तर नेमके तेच रंग गिळतो आणि तेथे काळ्या रेघा उमटतात. एवढ्या एका नियमावर साऱ्या खगोलीय रसायनाची इमारत उभी आहे.

१८६४ साली लंडनमध्ये विल्यम हगिन्स यांनी आपला वर्णपटदर्शक कालेय तारकासमूहातील एका लहान तेजोमेघाकडे वळविला. ताऱ्यांचा समूह असता तर सप्तरंगी पट्टा दिसावयास हवा होता. हगिन्स यांना दिसल्या त्या काळोखावर उमटलेल्या मोजक्या उजळ रेघा. वाद तेथेच मिटला: तो तेजोमेघ वायूचा होता. मृगाचा तेजोमेघही त्याच जातीचा निघाला. परंतु एक नवीन कोडे मात्र उभे राहिले. त्या रेघांपैकी सर्वांत ठळक अशी हिरवी रेघ पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात द्रव्याशी जुळेना. ती एखाद्या अज्ञात मूलद्रव्याची असावी असे काहींना वाटू लागले, आणि त्या न पाहिलेल्या द्रव्याला ‘नेब्युलियम’ असे नावही मिळाले.

येथे नॉर्मन लॉकियर पुढे येतात. सूर्याच्या वर्णपटातील एक पिवळी रेघ कोणत्याही माहीत असलेल्या द्रव्याची नाही, ती ‘हेलियम’ या नव्या द्रव्याची असावी, असे मानणाऱ्यांत ते अग्रणी होते. आणि १८९५ साली रॅम्से यांना हेलियम पृथ्वीवर सापडले तेव्हा ते मत खरे ठरले. असा मनुष्य आत्मविश्वासाने बोलावयाचाच. १८८०-९० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी असा सिद्धांत मांडला, की तेजोमेघ, धूमकेतू आणि तारे हे सर्व उल्कांच्या थव्यांपासून बनले आहेत. उल्कांत मॅग्नेशियम असते. तापलेल्या मॅग्नेशियमच्या वर्णपटात हिरव्या भागात एक पट्टा आढळतो. तेव्हा तेजोमेघाची ती हिरवी रेघ म्हणजे त्याच पट्ट्याची उरलेली कड होय, असे त्यांचे म्हणणे. हगिन्स आणि त्यांच्या विदुषी पत्नी मार्गारेट यांना ते मुळीच मान्य नव्हते. दोन्ही पक्ष इंग्लंडात एकमेकांवर तुटून पडले, आणि हा वाद नेहमीच सभ्यपणे चालला असे म्हणवत नाही.

वादाचे मर्म समजण्यास फार शास्त्र लागत नाही. मॅग्नेशियमचा तो पट्टा लुगड्याच्या काठासारखा असतो. एका बाजूस त्याची कड स्पष्ट, ठसठशीत. दुसऱ्या बाजूस तो झालरीसारखा हळूहळू फिका पडत जातो. तेजोमेघाची रेघ जर त्याच काठाचा अवशेष असेल, तर प्रकाश अधिकाधिक फाकविला असता तिच्याही एका बाजूस झालर दिसली पाहिजे. दोन्ही बाजू सारख्याच रेखीव निघाल्या, तर मॅग्नेशियमचे म्हणणे टिकत नाही.

या वेळी पुण्यास एक वेधशाळा नुकतीच उभी राहिली होती. तिचा जन्म काहीसा योगायोगाने झाला. कावसजी दादाभाई नायगमवाला हे १८५७ साली जन्मलेले गृहस्थ मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवीत. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी मुंबईस आले असता त्यांनी कॉलेजात वर्णपटाच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा काढावी म्हणून पाच हजार रुपये दिले. सरकारने तितकीच भर घातली. यंत्रे घेण्यासाठी नायगमवाला विलायतेस गेले. तेथे लॉकियर प्रभृतींशी बोलणे झाल्यावर साधी प्रयोगशाळा काढण्याऐवजी आकाशस्थ ज्योतींच्या वर्णपटासाठी वेधशाळाच काढावी असे ठरले. मुंबईची दमट हवा या कामाला सोयीची नव्हे. म्हणून १८८८ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालेल्या संस्थेत, ‘महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा’ सुरू झाली. तिची मुख्य दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातील, आरशाची होती. पुढे ती वीस इंची म्हणून ओळखली गेली. हिंदुस्थानात त्या काळी इतकी मोठी दुर्बीण दुसरी नव्हती.

पुण्यास निसर्गाने आणखी एक सोय करून दिली होती. मृगाचा तेजोमेघ लंडनच्या आकाशात फार तर तेहतीस अंश वर चढतो. त्याचा प्रकाश धुराच्या आणि दमट हवेच्या जाड थरातून तिरपा येतो. पुण्यास तोच तेजोमेघ सहासष्ट अंशांपर्यंत वर येतो. हिवाळ्यातील देशावरची कोरडी रात्र, खाली मुळा-मुठेचा संगम, आणि घुमटाच्या फटीतून जवळजवळ डोक्यावर आलेला मृग: अशा स्थितीत नायगमवाला यांनी ती हिरवी रेघ तपासली. त्यांचा निबंध १८९१ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिक पत्रात प्रसिद्ध झाला. निष्कर्ष थोडक्यात असा, की रेघ बारीक आहे, रेखीव आहे, आणि तिच्या कोणत्याही बाजूस झालर नाही.

या निष्कर्षाचे मोल नीट ध्यानी घेतले पाहिजे. ज्या लॉकियर यांच्या सल्ल्याने वेधशाळेचे स्वरूप ठरले, त्यांच्याच सिद्धांताचा एक आधार या निबंधाने काढून घेतला. नायगमवाला वसाहतीतील एका कॉलेजातील शिक्षक होते. लॉकियर रॉयल सोसायटीचे सभासद आणि ‘नेचर’ या साप्ताहिकाचे संस्थापक-संपादक. गुरूच्या मताला अनुकूल दिसेल असे पाहणे, निदान प्रतिकूल दिसले ते जरा मोघम शब्दांत मांडणे, फार सोपे होते. तसे काही घडले नाही. त्याच सुमारास अमेरिकेत लिक वेधशाळेतील जेम्स कीलर यांनी फार मोठ्या दुर्बिणीने त्या रेघेचे स्थान मोजले आणि ते मॅग्नेशियमच्या कडेशी जुळत नाही हे दाखविले. कीलर यांची मोजणी अधिक सूक्ष्म होती आणि वाद मिटविण्याचे श्रेय मुख्यतः तिच्याकडेच जाते. परंतु पुण्याची साक्षही त्याच बाजूची होती. लॉकियर यांनी मात्र आपला उल्कावाद सोडला नाही.

गंमत अशी, की त्याच वर्षांत त्याच पुण्यात आणखी एक मनुष्य मृगाच्या मागे लागला होता. रत्नागिरीत जन्मलेले बाळ गंगाधर टिळक वेदांतील उल्लेखांवरून वसंतसंपात मृगात होता तो काळ शोधीत होते. त्यांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ १८९३ साली निघाला. एकाच्या समोर पोथ्या होत्या, दुसऱ्याच्या समोर लोलक. दोघांच्या वयात सुमारे एका वर्षाचे अंतर होते.

पालीहून दक्षिणेस जाणाऱ्या वाटेची हकीकत यानंतरची. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया अरबी समुद्रावरून रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर उतरली आणि ईशान्येकडे सोलापूर, वऱ्हाड, वर्धा या मुलखांवरून पुढे गेली. विजयदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १९८१ साली. लॉकियर यांनी आपला तळ याच किल्ल्यात ठोकला, आणि ‘मेल्पोमिनी’ या आरमारी जहाजावरील अधिकारी व खलाशी त्यांच्या यंत्रांवर कामाला लावले. किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ म्हणून जे चौथरे दाखवितात, त्यांची कथा या तळाशी जोडलेली आहे. लोकांच्या तोंडी मात्र ती तीस वर्षे मागे सरकली आहे. लॉकियर यांनी १८६८ सालच्या ग्रहणात विजयदुर्गाहून हेलियम शोधला, असे सांगितले जाते, आणि १८ ऑगस्ट हा दिवस त्या स्मरणार्थ तेथे साजराही होतो. १८६८ च्या ग्रहणाचे वेध या देशात अनेकांनी घेतले हे खरे. फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन गुंटूर येथे होते. लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी पटवर्धनांच्या जमखंडीतून वेध घेतले. लॉकियर मात्र त्या वर्षी हिंदुस्थानात आलेच नव्हते. त्यांनी ऑक्टोबरात इंग्लंडात राहून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या रेघा पाहिल्या. विजयदुर्गाचा मान यामुळे कमी होत नाही. खुद्द लॉकियर किल्ल्यात आले होते, भर दुपारी अंधार पडला होता आणि त्यांच्या कॅमेऱ्यांनी सूर्याच्या किरीटाचे वर्णपट टिपले होते, एवढे तरी पूर्ण खरे आहे. तारीख तेवढी दुरुस्त करावयाची.

त्याच दुपारी घाटावर, सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे, नायगमवाला पुण्याहून आणलेली यंत्रे लावून होते. जवळच लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांचाही तळ होता. आणखी पुढे वऱ्हाडात तळणी या रेल्वेच्या लहानशा स्थानकाजवळ इंग्लंडातील हौशी ज्योतिषांची मंडळी उतरली होती. तिच्यात जॉन एव्हरशेड होते. त्यांनी टिपलेल्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेघांची मालिका जांभळ्या टोकाकडे दाटत दाटत संपते आणि ३६४६ अँगस्ट्रॉमच्या पलीकडे, डोळ्याला न दिसणाऱ्या भागात, एक सलग उजेड पसरलेला आढळतो, हे दिसून आले. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. माणसाचा डोळा साधारण चार हजारांच्या खाली पाहत नाही. वऱ्हाडातील त्या माळावर मिळालेला हा उजेड म्हणजे जांभळ्यापलीकडील अदृश्य प्रकाशात, ज्याला आपण अतिनील म्हणतो त्यात, वायूची पुष्कळ कथा लिहिलेली असते याची एक पूर्वसूचना होती.

हिरव्या रेघेचे कोडे सुटावयास १९२७ साल उजाडले. अमेरिकेत आयरा बोवेन यांनी दाखविले, की ती रेघ मॅग्नेशियमचीही नव्हे आणि कोणा नव्या द्रव्याचीही नव्हे. ती आपल्या नेहमीच्या ऑक्सिजनची आहे. फक्त त्या अणूतून दोन इलेक्ट्रॉन निघून गेलेले असतात. असा अणू ती रेघ उत्सर्जित करण्यापूर्वी अर्धे-पाऊण मिनिट तसाच राहतो, आणि पृथ्वीवरील कोणत्याही नळीत एवढ्या वेळात त्याला दुसऱ्या अणूचा धक्का बसून ती रेघ मरते. मृगाच्या तेजोमेघात वायू इतका विरळ आहे, की अणूला तेवढा निवांतपणा मिळतो. लॉकियर हरले, पण नेब्युलियमवाले तरी कोठे जिंकले? पुण्यास नोंदलेले रेघेचे रेखीवपण तेवढे शिल्लक राहिले, कारण ते मत नव्हते, पाहणी होती.

नायगमवाला १९१२ साली निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही मिटली. यंत्रे कोडाईकनालला गेली. एका माणसाच्या उत्साहावर चाललेल्या संस्थांचे असेच होते. पुण्यास त्या घुमटाचा वारस त्या वेळी कोणी निघाला नाही. ती मोठी दुर्बीण बरीच वर्षे पडून राहिली आणि नंतर कोडाईकनालला ‘भावनगर दुर्बीण’ या नावाने पुन्हा उभी राहिली.

आतापर्यंत ज्या वायूची गोष्ट झाली, तो जवळच्या तप्त ताऱ्यांनी पेटविलेला, स्वतः प्रकाशणारा वायू. परंतु तारे जेथे नाहीत अशा थंड, काळ्या पोकळीत काही आहे काय? तेथे उजळ रेघ दिसण्याचा संभव नाही. अशा वायूला पकडण्याचा एकच उपाय: त्याच्या पलीकडे एखादा दिवा असावा, आणि त्या दिव्याच्या प्रकाशातून काय गिळले गेले ते पाहावे. दिवा म्हणजे अर्थातच तारा.

असा दिवा प्रथम मृगानेच दिला. बाणातील सर्वांत पश्चिमेकडचा तारा, ज्याला आपल्याकडे चित्रलेखा असेही म्हणतात, प्रत्यक्षात एकमेकांभोवती पावणेसहा दिवसांत फेरी घालणाऱ्या ताऱ्यांची जोडी आहे. तारा आपल्याकडे येत असेल तेव्हा त्याच्या काळ्या रेघा निळ्याकडे सरकतात, दूर जाताना तांबड्याकडे. तेव्हा या ताऱ्याच्या रेघा पाळण्यासारख्या झुलत असतात. १९०४ साली पॉट्सडॅम येथे योहानेस हार्टमान यांना दिसले, की त्यांतील कॅल्शियमची एक बारीक रेघ मात्र झुलत नाही. इतर रेघा इकडून तिकडे गेल्या तरी ती आपली जागची हलत नाही. जी ताऱ्याबरोबर हलत नाही ती ताऱ्याची नव्हे. तारा आणि पृथ्वी यांच्या मधल्या वाटेवर कोठे तरी कॅल्शियमचा वायू आहे, असा निष्कर्ष हार्टमान यांनी काढला. १९१९ साली मेरी ली हेगर या विदुषींनी लिक वेधशाळेत सोडियमच्या रेघाही अशाच अचल असल्याचे दाखविले, आणि पोकळी पूर्ण पोकळ नाही हे हळूहळू सर्वांस पटले.

वर्णपटदर्शक जितका बारकाईने रंग वेगळे करील तितकी ही गोष्ट उलगडत गेली. सुरुवातीस जी एक रेघ वाटली ती, प्रकाश अधिक फाकविल्यावर, दोन, तीन, कधी पाच-सहा रेघांची जुडी निघाली. प्रत्येक रेघ म्हणजे वाटेतील एक वेगळा ढग, आपल्या वेगळ्या वेगाने जाणारा. दोन ढगांच्या वेगात सेकंदास तीन किलोमीटर एवढाच फरक असेल, तर त्यांच्या रेघांतील अंतर लांबीच्या एक लक्षांश असते. तेवढे अंतर ओळखणारे यंत्र हवे. साध्या लोलकाने सगळे ढग एकमेकांत मिसळतात; दुरून पाहिलेल्या जत्रेत माणसे वेगळी दिसत नाहीत, तसे.

तरीही पृथ्वीवरून दिसत होते ते थोडेच. कारण हायड्रोजन, जो या वायूचा फार मोठा भाग आहे, तो या तपासणीतून साफ निसटत होता. अणूला आपण अनेक मजल्यांचा वाडा समजू. हायड्रोजनच्या ज्या रेघा डोळ्यांना दिसतात, त्या दुसऱ्या मजल्यावरील इलेक्ट्रॉनच्या. थंड पोकळीत सगळे इलेक्ट्रॉन तळमजल्यावर स्वस्थ बसलेले असतात, आणि तळमजल्यावरून पहिली उडी मारण्यास जो प्रकाश लागतो त्याची लांबी १२१६ अँगस्ट्रॉम, म्हणजे खोल अतिनील. कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन, लोखंड यांचीही मुख्य दप्तरे त्याच भागात ठेवलेली आहेत. आणि साधारण तीन हजारांच्या खालचा प्रकाश आपल्या डोक्यावरील ओझोनचा थर जमिनीवर येऊच देत नाही. याच थरामुळे पृथ्वीवर जीव जगतात. ज्योतिषांनी मात्र त्याला नेहमी शिव्याच दिल्या.

त्या थराच्या वर जाऊन वेध घ्यावे, ही कल्पना मांडणाऱ्यांत आपल्या देशाचेही नाव आहे. मेघनाद साहा यांनी १९३७ साली सूर्याच्या अतिनील वर्णपटासाठी वातावरणाच्या उंच थरात वेधशाळा पाठवावी असे सुचविले. तेव्हा ते स्वप्नच होते. १९४६ साली अमेरिकेत लायमन स्पिट्झर यांनी पृथ्वीभोवती फिरणाऱ्या दुर्बिणीचा आराखडा लिहिला. तोही बराच काळ कागदावर राहिला. १९७० साली जॉर्ज कॅरुथर्स यांनी अग्निबाणातून पाठविलेल्या यंत्राने ययाती तारकासमूहातील एका ताऱ्याच्या प्रकाशात हायड्रोजनचे रेणू, म्हणजे दोन-दोन अणूंच्या जोड्या, प्रथम पकडल्या. अग्निबाण काही मिनिटेच वर राहतो. एवढ्यात हे साधले.

मग २१ ऑगस्ट १९७२ रोजी ‘कोपर्निकस’ उपग्रह वर गेला. त्यावरील ऐंशी सेंटिमीटर आरशाच्या दुर्बिणीचे मार्गदर्शक स्वतः स्पिट्झर होते, आणि तिचा वर्णपटदर्शक एका अँगस्ट्रॉमच्या विसाव्या भागापर्यंत रंग वेगळे करी. १९८१ पर्यंत त्याने काम केले. त्याच्या नोंदींतून जे बाहेर आले त्याने पूर्वीच्या पुष्कळ कल्पना बदलल्या. धुळीने भरलेल्या ढगांत हायड्रोजन मुख्यतः रेणूंच्या रूपात आढळला, कारण धूळ त्याला तोडणाऱ्या अतिनील प्रकाशापासून आडोसा देते. पाच इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन सापडला. त्यावरून ढगांच्या मध्ये सुमारे तीन लाख अंश तापलेला, अत्यंत विरळ वायू असला पाहिजे हे उघड झाले. आणि लोखंड, कॅल्शियम यांसारखी द्रव्ये वायूत अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाली; कॅल्शियम काही ढगांत हजारपटीने कमी. ती नाहीशी झालेली नव्हती. ती धुळीच्या कणांत गोठून बसली होती. म्हणजे हार्टमान यांनी ज्या कॅल्शियमच्या रेघेने या वायूचा पत्ता लावला, ते कॅल्शियम धुळीच्या तावडीतून सुटलेले थोडेसे उच्छिष्ट होते.

सर्वांत खोल अर्थाची नोंद जड हायड्रोजनची, म्हणजे ड्यूटेरियमची. ताऱ्यांच्या पोटात ते जळून जाते, तयार होत नाही. तेव्हा आज जे आहे ते विश्वाच्या आरंभीच्या काही मिनिटांतील शिल्लक समजावयाचे. साध्या हायड्रोजनची रेघ आणि याची रेघ यांत फरक अगदी केसाएवढा, म्हणून फार बारीक वर्णपटदर्शकाशिवाय ती वेगळी दिसत नाही. १९७३ साली रॉजरसन आणि यॉर्क यांनी कोपर्निकसच्या नोंदींवरून हिशेब काढला: एक लाख हायड्रोजन अणूंमागे दीडाच्या आसपास. त्यावरून साऱ्या विश्वात साधे द्रव्य किती असावे याचा अंदाज बांधता आला.

पुण्यास वर्णपटाचे हे विज्ञान परतले ते १९८८ साली, म्हणजे नायगमवाला यांच्या वेधशाळेनंतर बरोबर शंभर वर्षांनी, जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली आयुका ही संस्था गणेशखिंडीत निघाली तेव्हा. नारायणगावजवळ खोडद येथे रेडिओ दुर्बिणींचा ताफा उभा राहिला, तो एकवीस सेंटिमीटरच्या लहरींवरून त्याच थंड हायड्रोजनचा माग काढू शकतो. आणि २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहावरील अतिनील दुर्बिणीच्या उभारणीत बंगलोरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेबरोबर आयुकाचाही वाटा होता. तिचे मुख्य काम चित्रे घेणे हे. ढगांच्या रेघा वेगळ्या करण्याइतका बारीक वर्णपट ती घेत नाही.

तसा वर्णपट घेणारे एक यंत्र १९९६ च्या अखेरीस ‘कोलंबिया’ या अवकाशयानातून वर गेले आणि दोन आठवडे यानापासून वेगळे राहून फिरले. एडवर्ड जेंकिन्स आणि त्यांचे सहकारी यांनी त्याने पाहिलेल्या थोडक्या ताऱ्यांत मृगाच्या बाणातील पश्चिमेकडचा तारा होता, तोच हार्टमान यांचा. ब्याण्णव वर्षांपूर्वी ज्याच्या प्रकाशात एक अचल रेघ सापडली होती, त्याच्याच वाटेवरील ड्यूटेरियम आता मोजले गेले, आणि ते जवळच्या ताऱ्यांच्या वाटेवरील प्रमाणाच्या निम्मेच भरले. आरंभीची शिल्लक सगळीकडे सारखी असावयास हवी होती. काहींच्या मते मृगाच्या बाजूचा वायू ताऱ्यांच्या पोटातून अधिक वेळा जाऊन आला आहे. काहींच्या मते हरवलेले ड्यूटेरियम कॅल्शियमप्रमाणेच धुळीच्या कणांना चिकटून बसले आहे. दुसऱ्या मताला पुढील निरीक्षणांनी बराच दुजोरा दिला, कारण जेथे लोखंड आणि टायटॅनियम वायूतून कमी झाले आहे तेथे ड्यूटेरियमही कमी आढळते.